उंचीवरची झिंग

स्कीइंगला उंचावरचं गाव निवडावं, हे मला मान्य. फ्रान्समधलं वाल तोरांस २३०० मीटरवर आहे. तिथं मेच्या सुरुवातीपर्यंत बर्फ टिकतो. पण 'उतारही हवेत आणि रात्रीची धमालही' म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. अहो, विरळ हवेत आधीच धड झोप लागत नाही, त्यात दारूची भर! रात्री यंत्रांनी सारखा केलेला उतार सकाळी नऊला इस्त्रीच्या धोतरासारखा असतो. हे महाशय बाराला पोचतात तेव्हा त्याचं पोतेरं झालेलं असतं. पैसे मात्र दिवसभराचे! बरं, स्वतः पडले तर पडोत; हे आदळतात खाली उभ्या असलेल्या कुणाच्या तरी पोरावर. रात्रच हवी तर पॅरिसला राहा की! तिथं निदान सपाटीवर पडाल.