गोळी खंडली की आजार उलटतो: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,


माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. शेजारचा टीव्ही आपल्याबद्दलच बोलतो, असं तो आधी सांगू लागला. मग जेवणात कोणीतरी काहीतरी कालवतं म्हणून ताट सरकवू लागला. आईने त्याच्यादेखत त्याच ताटातला घास खाल्ला, तरी त्याने भाताला हात लावला नाही. वाद घालून असा संशय जात नाही. कानात येणारे आवाज त्याला आईच्या आवाजाइतकेच खरे होते.

गावाने बाहेरची बाधा ठरवली. फरक पडला तो गोळ्यांनी. या आजारात मेंदूतल्या डोपामिनचं काम बिघडतं आणि गोळ्या ते आवरतात. पहिलं असं औषध, क्लोरप्रोमाझिन, 1952 पासून मनोरुग्णांना दिलं जातंय. भावाचे आवाज ओसरायला काही आठवडे लागले. वजन मात्र वाढलं, त्यामुळे साखर तपासत राहावी लागते. तरी आज तो दुकानात हिशेब लिहितो, भाचरांना शाळेत सोडतो.

साहेब, हे सगळं रोजच्या गोळीवर उभं आहे. ती खंडली की आजार उलटतो, आणि दर खेपेला सावरणं अवघड होत जातं. आमच्या सरकारी रुग्णालयाच्या खिडकीवर केसपेपर परत हातात येतो: ‘स्टॉक नाही, बाहेरून घ्या.’ आम्ही घेतो. ज्याचा रोज बुडतो तो घेऊ शकत नाही. तो तसाच एसटीने परत जातो.

मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चा आहे. अत्यावश्यक यादीतली मनोविकाराची औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वर प्रत्येक सरकारी दवाखान्यात कायम आणि मोफत मिळावीत, असं त्याचं कलम 18 सांगतं. ‘कायम’ ही अट कायद्यातलीच आहे. टेलिमानस हेल्पलाइनच्या 14416 चा रात्रीअपरात्री आधार वाटतो, त्याबद्दल मनापासून आभार. पण औषधासाठी पुणे, ठाणे, नागपूर, रत्नागिरीची मनोरुग्णालयं दर महिन्याला गाठणं खेड्यातल्या माणसाला परवडणारं नाही.

म्हणून ग्रामीण रुग्णालयांत या औषधांचा साठा संपण्याआधीच नवा पोहोचवा. गोळी चुकवणाऱ्यांसाठी दोन ते चार आठवडे काम करणारं इंजेक्शन तिथेच ठेवा. आजार स्थिर असलेल्या रुग्णाला, मानसोपचारतज्ज्ञ त्या दिवशी आले नसले तरी, जुन्या चिठ्ठीवर महिन्याच्या गोळ्या देण्याचा लेखी आदेश काढा.

आपली,
एका रुग्णाची बहीण