राज्यशास्त्राचा शिक्षक निवडायचा कोणी आणि कसा?

राज्यशास्त्रात एम. ए. झालेल्या तरुणाला वरिष्ठ महाविद्यालयात शिकवायचे असेल तर त्याच्यापुढे नेट अथवा सेट उभी राहते. कनिष्ठ महाविद्यालयाची वाट धरली तर शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी द्यावी लागते. या दुसऱ्या चाचणीचे स्वरूप मोठे उद्बोधक आहे. तिच्या 200 गुणांपैकी 120 अभियोग्यतेला आणि 80 बुद्धिमत्तेला. राज्यशास्त्राला स्वतंत्र असा एकही गुण नाही. अकरावी-बारावीच्या मुलांना राज्यसंस्था समजावून सांगणाऱ्याची गुणवत्ता, त्याच्या विषयाची प्रश्नपत्रिका त्याच्या हाती न देताच ठरते!

नेटमध्ये निदान विषय तरी आहे. विषयाच्या दहा घटकांत प्लेटोपासून रॉल्सपर्यंत, कौटिल्यापासून पंडिता रमाबाई, पेरियार, आंबेडकर, लोहिया, जयप्रकाशांपर्यंत सर्वांना स्थान आहे. अभ्यासक्रम म्हणून ही यादी खरोखरच उदार आहे. खोट आहे ती तपासण्याच्या पद्धतीत. 2011 पर्यंत या परीक्षेत एक दीर्घोत्तरी पत्रिका असे. जून 2012 पासून ती गेली, आणि 2018 पासून दोन पत्रिकांतील 150 प्रश्न पर्यायांवर खुणा करून सोडवायचे असतात. मग तयारीचे वळणही तसेच पडते. ‘लेव्हायथन’ 1651, ‘सोशल कॉन्ट्रॅक्ट’ 1762, ‘ए थिअरी ऑफ जस्टिस’ 1971 हा क्रम घोकला जातो. पण यादवी युद्धाने पोळलेल्या इंग्लंडमध्येच हॉब्जला सर्वंकष सत्तेची गरज का भासली, हे विचारण्यास सवड उरत नाही. लोहियांपुढे ‘चौखंबा राज्य’, जयप्रकाशांपुढे ‘संपूर्ण क्रांती’, रॉय यांच्यापुढे ‘नवमानवतावाद’ अशा जोड्या जुळल्या की काम झाले. ज्या महाराष्ट्रात मार्च 2022 नंतर बहुतेक जिल्हा परिषदा वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती राहिल्या, त्या महाराष्ट्रात चौखंब्यांपैकी एक खांब कोठे गेला, हा प्रश्न चार पर्यायांत बसत नाही.

तथापि वस्तुनिष्ठ पद्धतीला सरसकट झोडपणे अन्यायाचे ठरेल. उत्तरपत्रिकेत जात दिसत नाही, गाव दिसत नाही, परीक्षकाच्या शिष्याला झुकते माप देता येत नाही. ज्या घरात पूर्वी कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते, तेथील मुलांना या पद्धतीने दार उघडून दिले, हे नाकारता येणार नाही. मात्र त्याच मुलांपुढे भाषेची भिंत कायम आहे. नेटमधील राज्यशास्त्राची पत्रिका हिंदी आणि इंग्रजीतच असते. मराठीतून पदवी घेतलेल्याला स्वतःचाच विषय परक्या परिभाषेत पुन्हा शिकावा लागतो आणि तो शिकवण्यासाठी शिकवणीवर्गांचा बाजार शुल्क घेऊन सज्ज असतो.

नेटला बसलेल्यांपैकी सुमारे 6 टक्के सहायक प्राध्यापकपदास पात्र ठरतात. अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता ही पात्रता म्हणजे नोकरी नव्हे, ती रांगेतील जागा होय. पदे भरायची की नाहीत हे शासनाची तिजोरी ठरवते. मे 2020 मध्ये करोनाच्या निमित्ताने नवी भरती थांबवली गेली, तेव्हा पात्र उमेदवारांची रांग तेवढी वाढत राहिली. दरम्यान वर्ग तर चालवायचेच असतात, ते तासिका तत्त्वावरील अध्यापक चालवतात. अतिथी अध्यापकास एका तासिकेला 1500 रुपये, महिन्याला कमाल 50,000 रुपये द्यावेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2019 मध्ये सुचवले. राज्यातील मानधन त्याहून खालीच राहिले. मार्क्सने जिला राखीव फौज म्हटले ती आता पदव्युत्तर झाली आहे, इतकेच. उद्या कामावर येऊ नका असे ज्याला कधीही सांगता येते, त्या अध्यापकाने वर्गात नागरिकांच्या हक्कांवर निर्भयपणे बोलावे, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

यापुढचा टप्पा तर परीक्षेच्या कक्षेबाहेरच आहे. अनुदानित खाजगी महाविद्यालयात वेतन शासन देते, नेमणूक संस्थाचालक करतात. लेखी परीक्षेत जी निनावी समता मिळाली, ती मुलाखतीच्या खोलीत संपते, आणि देणगीची कुजबुज कोणत्या तालुक्यात ऐकू येत नाही? ज्याचा पैसा सार्वजनिक, त्याची निवडही सार्वजनिक आयोगाने करावी, ही मागणी शिक्षक संघटनांइतकीच पक्षानेही लावून धरली पाहिजे. विषयज्ञानाची लेखी, दीर्घोत्तरी आणि मराठीतूनही देता येणारी पत्रिका त्या निवडीचा भाग असावी. तपासणीस वेळ आणि पैसा लागेल हा आक्षेप खरा आहे. पण एक नेमणूक तीस-तीस वर्षे वर्गात उभी राहते, तेव्हा हा खर्च मोठा मानण्याचे कारण नाही.

तोवर तालुक्याच्या ठिकाणी पक्षाची जी कार्यालये संध्याकाळी रिकामी असतात, तेथे या उमेदवारांना बसू द्यावे. आंबेडकर, लोहिया, रॉय हे आपल्या कार्यकर्त्यांनी मूळ ग्रंथांतून वाचलेले आहेत, निदान वाचलेले असावेत. आठवड्यातून दोन संध्याकाळी ते उमेदवारांबरोबर पुन्हा वाचता येतील आणि मराठीतील टिपणे तयार करून पुढच्या तुकडीला विनामूल्य देता येतील.