यादी आणि तंबोरा

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांचे निकाल लागले की संगीतवर्ग आपल्या नव्या विशारदांची यादी अभिमानाने प्रसिद्ध करितात. मुलांच्या यशाचे कौतुक आम्हांसही आहे. परंतु त्यांपैकी कितीजणांनी खरा तंबोरा सुरात लावून पाहिला असेल? अनेक वर्गांत तो नाहीच. विजेची पेटी तेवढी गुणगुणते!

पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले, ते राजाश्रयावर नव्हे, लोकाश्रयावर. घराण्यांच्या उंबरठ्याआड राहिलेले गाणे त्यामुळे सामान्य गृहस्थांच्या मुलांपर्यंत पोहोचले. १९०८ साली विद्यालय मुंबईस आले, पुढे त्याची स्वतःची वास्तूही उभी राहिली. आणि कर्जापायी १९२४ साली तिचा लिलाव झाला. ज्या धनाढ्य नगरीची मुले तेथे शिकली, तिला ती वाचविता आली नाही.

आजही कित्येक वर्ग भाड्याच्या खोलीत, केवळ शुल्कावर चालतात. सत्काराच्या शालींना मात्र पैसा कमी पडत नाही! महापालिकेने आपल्या शाळांच्या खोल्या सायंकाळी अशा वर्गांना विनाभाडे द्याव्यात, आणि शालींच्या खर्चातून निदान तंबोऱ्यांची एकेक जोडी घ्यावी.