सांधा कुणाच्या मालकीचा?

'विस्तारक्षम' हा शब्द वाद्यांच्या जाहिरातींत इतका रुळला आहे, की त्याचा अर्थ विचारावा असे आता कुणाला वाटत नाही. महाराष्ट्रात वरातीपुढच्या बेंजो पार्टीत किंवा गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात जे की-बोर्ड दिसतात, त्यांत रोलँड कंपनीचा एक्सपीएस-१० हा एक ओळखीचा चेहरा आहे. कंपनीने त्याच्या नावालाच 'एक्स्पान्डेबल सिंथेसायझर' असे बिरुद जोडले आहे. पेन ड्राइव्हवरून त्यात नवे आवाज भरता येतात. हा झाला विस्तार. आता मूग कंपनीचा २०१९ सालचा मेट्रिआर्क हा की-बोर्ड पाहा. त्यात नवे आवाज भरण्याची सोय नाही, पण त्याच्या दर्शनी भागावर ९० छिद्रे आहेत. त्यांत तारा खोचून वाद्याचा एक भाग दुसऱ्या भागाला, किंवा दुसऱ्याच एखाद्या यंत्राला, हवा तसा जोडता येतो. ह्यालाही विस्तारच म्हणतात.

एकाच शब्दाच्या आडोशाला दोन वेगळ्या कल्पना नांदत आहेत. पहिली भर घालण्याची, दुसरी संबंध बदलण्याची. संहितेत चार ओळी वाढवणे आणि संहितेतल्या ओळींचे परस्परांशी असलेले नाते नव्याने लावणे, ह्यांतला फरक ज्यांना वर्गात शिकवावा लागतो, त्यांना हा प्रश्न परका वाटू नये. आमचा मुद्दा थोडक्यात असा: एखादे वाद्य किती विस्तारते ह्यापेक्षा, ज्या सांध्यावर तो विस्तार होतो तो सांधा कुणाच्या मालकीचा आहे, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे.

सुरुवात पहिल्या मॉड्युलर वाद्यांपासून करू. १९६४ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट मूग ह्यांनी हर्बर्ट डॉइच ह्या संगीतकाराच्या सहकार्याने जे यंत्र घडवले, त्याची मूळ कल्पना साधी होती. ध्वनी निर्माण करणारे मंडल, त्यातल्या काही कंपनसंख्या गाळणारे मंडल, ध्वनी लहानमोठा करणारे मंडल, ह्या प्रत्येकाची स्वतंत्र पेटी. प्रत्येक पेटीवर सत्ता विद्युतदाबाची: दाब एका व्होल्टने वाढला की स्वर एका सप्तकाने चढतो. पेट्यांमध्ये कायमची जोडणी नाही. वादकाने तारा खोचून ती करायची. ह्यातून एक विलक्षण गोष्ट घडली. तारेतून वाहणाऱ्या दाबाला स्वतःचा अर्थ उरला नाही. तोच दाब एका छिद्रात गेला तर स्वराची उंची ठरवतो, दुसऱ्यात गेला तर आवाजाची तीव्रता, तिसऱ्यात गेला तर नादाचा रंग. अर्थ जोडणीतून येतो. भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याला इथे सोस्यूर आठवला तर ते स्वाभाविकच म्हणावे लागेल.

ह्या स्वातंत्र्याची किंमत मोठी होती. यंत्र अवजड, महाग, आणि स्मृतिहीन. तारा काढल्या की रचना गेली. १९६९ मध्ये डेव्हिड ट्यूडर ह्यांनी अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये मूगच्या यंत्रासह इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभारला. तिथे भारतीय संगीतकारांनी १९७२ पर्यंत केलेले काम ध्वनिफितींवर राहिले, आणि त्यांतील निवडक भाग २०२३ मध्ये प्रकाशित झाला. फिती ऐकता येतात. त्या क्षणी कोणती तार कुठे खोचली होती ते मात्र यंत्र सांगू शकत नाही. कीर्तनाची संहिता हाती यावी आणि कीर्तनकाराचे उभे राहणे हरवावे, तसे हे आहे.

म्हणून १९७० मध्ये मिनीमूग आला, तेव्हा त्याचे जे स्वागत झाले ते समजण्यासारखे आहे. पेट्या त्याच, पण एका लाकडी चौकटीत बसवलेल्या, आणि सांध्यांना कायमचा डाख दिलेला. वादकाला रंगमंचावर नेता येईल असे वाद्य मिळाले. त्या बदल्यात जोडणीचा निर्णय कारखान्यात झाला. पुढच्याच वर्षीच्या एआरपी २६०० ने मधला मार्ग काढला. त्यात आतली जोडणी तयारच होती, पण एखाद्या छिद्रात तार खोचली की ती तेवढ्यापुरती मोडे. नियम आहे, पण तो मोडण्याची जागाही नियमानेच राखून ठेवली आहे. छंदोबद्ध रचनेत यतिभंग जसा अर्थपूर्ण होऊ शकतो, तसेच हे. मेट्रिआर्क हा ह्याच घराण्यातला आजचा वारस आहे.

नंतर स्मृती आली, संख्यात्मक तंत्र आले, आणि 'विस्तार' ह्या शब्दाने कूस बदलली. रोलँडच्या १९९४ सालच्या जेव्ही-१०८० मध्ये विस्तार-कार्डांसाठी चार खाचा होत्या. हे वाद्य स्वतः बिनपट्ट्यांचे होते, पण तीच कार्डे कंपनीच्या एक्सपी-८० सारख्या की-बोर्डांतही बसत. प्रत्येक कार्डात नव्या आवाजांचा संच. कार्डांची नावे वाचण्याजोगी आहेत: पॉप, ऑर्केस्ट्रल, पियानो, सेशन, टेक्नो, आणि 'वर्ल्ड', पुढे 'वर्ल्ड कलेक्शन'मधले 'एशिया'. वाद्याच्या पोटात काय असावे आणि खाचेत काय यावे, ह्याची ही वाटणी सहज झालेली नाही. पियानो आणि तंतुवाद्यांचा ताफा मूळ संचात गृहीत धरलेला आहे; शिवाय त्यांची जादा कार्डेही आहेत. आशिया खंड मात्र एका कार्डात मावतो, आणि तो 'जग' ह्या सदराखाली येतो. विश्वसाहित्याच्या संकलनांत मराठीला दोन पाने मिळतात आणि त्या दोन पानांनीच संकलन 'विश्वव्यापी' ठरते, ह्याचा अनुभव आपल्याला आहे. पुरवणी मूळ ग्रंथाला धक्का लावत नाही. उलट मूळ कोणते आणि पुरवणी कोणती, हे ती पक्के करते.

यामाहाने तर आपल्या कार्डव्यवस्थेला 'मॉड्युलर सिंथेसिस प्लग-इन सिस्टिम' असेच नाव दिले. कल्पना मोठी होती: एखादे कार्ड केवळ आवाजांचा साठा न देता ध्वनिनिर्मितीची वेगळी पद्धतच वाद्यात आणत असे. २००१ सालच्या मोटिफमध्ये अशी तीन कार्डे बसत. पण २००७ च्या मोटिफ एक्सएसमध्ये त्या खाचा नव्हत्या. ज्यांनी पदरचे पैसे घालून कार्डे घेतली, त्यांना ती वापरायची तर जुने यंत्रच जपणे भाग पडले. रोलँडच्या बाबतीतही पुढे नवा सांधा आला आणि जुनी कार्डे त्यात बसेनात. ह्यात कुणी लबाडी केली असे आम्ही म्हणत नाही; तंत्र बदलते, तसे सांधेही बदलतात. पण सांधा जेव्हा एकाच घराच्या मालकीचा असतो, तेव्हा त्याचे आयुष्य त्या घराच्या पुढच्या निर्णयाइतकेच असते. त्या जुन्या कार्डांतले कित्येक आवाज आज सॉफ्टवेअरच्या रूपात, वर्गणी भरून किंवा परवाना घेऊन मिळतात. खाच गेली, कार्डही गेले. उरली ती परवानगी.

ह्याच्या उलट उदाहरणे ध्यानात घ्यावीत. १९८३ मध्ये 'मिडी' हे संकेतमानक प्रत्यक्षात आले. डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी हे दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे संस्थापक त्यामागे होते. त्या वर्षीच्या जानेवारीत दोघांच्या कंपन्यांचे की-बोर्ड एका तारेने जोडून दाखवण्यात आले. मानक सर्वांना खुले राहिले, आणि चाळीस वर्षांपूर्वीचा की-बोर्ड आजच्या संगणकाशी अजूनही बोलू शकतो. १९९५ मध्ये जर्मनीत डीटर डोपफर ह्यांनी ए-१०० ही मॉड्युलर मालिका काढली. पेटीची उंची, विजेचा दाब, जोडणीची पद्धत ही मापे सर्वांना ठाऊक झाली आणि शेकडो लहान कारागीर त्या मापांत आपापली मॉड्यूले घडवू लागले. २०१८ मध्ये कोर्गने प्रोलॉग ह्या की-बोर्डासाठी बाहेरच्या लोकांनाही ध्वनिजनक लिहिता यावेत म्हणून साधनसंच जाहीरपणे उपलब्ध केला.

आम्हाला सर्वांत बोलके वाटते ते फ्रान्समधल्या म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्सचे उदाहरण. एमिली जिले ह्यांनी आपल्या मॉड्यूलांचे आराखडे आणि आज्ञावली खुल्या परवान्याखाली प्रसिद्ध केल्या. त्यांतल्या 'प्लेट्स' ह्या मॉड्यूलची आज्ञावली आर्टुरियाच्या २०१९ सालच्या मायक्रोफ्रीक ह्या की-बोर्डात उतरली; कोर्गच्या सांध्यातूनही ती इतरांनी वाजती केली. २०२२ मध्ये म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्स बंद झाली. घडवणाऱ्याने हात आवरला, पण घडवलेले थांबले नाही. हस्तलिखिताची नक्कल करण्याची मुभा असली की मूळ पोथी हरवूनही ग्रंथ टिकतो, हे आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात नवे नाही.

दोन आक्षेप संभवतात, आणि ते वजनदार आहेत. पहिला, खुला सांधा निष्पक्ष असतो असे मानणे भाबडेपणाचे होईल. मूळ मिडीमध्ये स्वर म्हणजे क्रमांक लावलेली पट्टी. स्वर वाकवण्याची आज्ञा संपूर्ण वाहिनीला लागू होते. एका वाहिनीवर दोन स्वर धरून त्यांतल्या एकावरच मींड घ्यायची म्हटले, तर ते साधत नाही. आकाशवाणीने १९४० पासून तीन दशके पेटीला दारे बंद ठेवली होती, त्यामागचा एक आक्षेप हाच होता, की पट्टी स्वराला खिळून टाकते. तोच आग्रह जागतिक मानकात नकळत शिरला. पण पुढचा इतिहासही पाहावा. मानक सामायिक होते म्हणून त्यावर सामायिक चर्चा होऊ शकली. २०१८ मध्ये प्रत्येक स्वराला स्वतंत्रपणे वाकवण्याची रीत त्यात मान्य झाली आणि २०२० च्या मिडी २.० मध्ये ती पायाभूत ठरली. उशीर झाला, हे खरे. बंद सांध्यात मात्र अशी दुरुस्ती बाहेरून मागण्याची सोयच नसते.

दुसरा आक्षेप रंगमंचावरच्या वादकाचा. दोन गाण्यांमध्ये त्याला चार क्षण मिळतात. ढोलकी, सनई, बासरी एका कळीवर आली पाहिजे. तारा खोचत बसण्याची चैन त्याला परवडत नाही, आणि 'तू मुक्त हो' असे त्याला सांगणाऱ्या समीक्षकाला त्याने हसावे हे योग्यच. आम्ही त्याला मॉड्युलर यंत्र घे असे सुचवत नाही. प्रोलॉग आणि मायक्रोफ्रीक ह्या दोन्ही की-बोर्डांत स्मृती आहे, तयार आवाज आहेत, आणि खुल्या सांध्याचे किंवा खुल्या आज्ञावलीचे लाभही आहेत. म्हणजे सोय आणि खुलेपणा ह्यांत निवड करावीच लागते, हा समज आता टिकत नाही. खुलेपणाची किंमत असते, आणि ती बहुतेक वेळा घडवणाऱ्याला मोजावी लागते; खुल्या आराखड्यांवरून इतरांनी स्वस्त आवृत्त्या काढल्याच. तरीही डोपफरची मालिका आजही निघते, हे विसरता येत नाही.

तेव्हा 'विस्तारक्षम' असे बिरुद दिसले, की तीन प्रश्न विचारावेत असे आम्ही सुचवतो. जोडणीची मापे आणि संकेत प्रसिद्ध केलेले आहेत काय? निर्मात्याखेरीज दुसऱ्या कुणाला त्या सांध्यावर काही घडवता किंवा दुरुस्त करता येते काय? आणि निर्मात्याने उद्या दुकान मिटले, तर आज विकत घेतलेली भर वाजत राहील काय? महाविद्यालयाच्या संगीत विभागासाठी वाद्य घेताना हे प्रश्न जितके लागू आहेत, तितकेच ग्रंथालयासाठी ई-पुस्तकांचा संच घेतानाही आहेत. तिथेही आपण भर मोजतो, दहा हजार ग्रंथ की वीस हजार, आणि वर्गणी थांबल्यावर कपाटात काय उरेल हे विचारत नाही.

वरातीपुढे वाजवणाऱ्या त्या वादकाने पेन ड्राइव्हवर वर्षानुवर्षे आवाज जमवलेले असतात; कुणी दिलेली हलगी, कुणाकडून आणलेली संबळ. तो त्याचा ग्रंथसंग्रह आहे. नवा की-बोर्ड घेण्याची वेळ येईल, तेव्हा तो संग्रह त्यात उतरेल की नाही, ह्याचा निर्णय आज त्याच्या हातात नाही. विस्ताराची चर्चा ह्या माणसाच्या बाजूने व्हायला हवी.