सुई-दोरा घेतलात, चष्म्याचं काय?

गोधडी शिकवणाऱ्या कार्यशाळा आता शहरांतून भरतात. त्यातल्या काही निवासी असतात. तीन-चार दिवस घर सोडून राहायचं आणि सकाळपासून रात्रीपर्यंत शिवायचं. अमेरिकेत याला ‘क्विल्टिंग रिट्रीट’ म्हणतात आणि तिथे ही पद्धत चांगलीच रुळलेली आहे. पहिल्यांदा जाणाऱ्या बाईची तयारी पंधरा दिवस आधी सुरू होते. आईची जुनी लुगडी बाहेर निघतात, कापडं धुऊन इस्त्री होतात, कात्रीला धार लावून आणली जाते. पण ज्या डोळ्यांनी आणि हातांनी हे सगळं शिवायचं, त्यांचं नाव यादीत नसतं.

आपल्या आज्या गोधडी शिवायच्या ती दुपारची भांडी आवरल्यावर. मध्येच कुणाचं मूल रडे, कुणाचं दूध उतू जाई आणि हातातली सुई टोचून ठेवून उठावं लागे. त्यांची कंबर दुखत नसे असं नाही. पण त्या अडथळ्यांमुळे मानेला आणि बोटांना आपोआप विसावा मिळे. शिबिरात हे अडथळे नसतात. शिवाय किती तरी वर्षांनी फक्त स्वतःसाठी काढलेले दिवस, त्यात फी भरलेली. मग एक मिनिटही वाया जाऊ नये म्हणून बाई जागची हलत नाही. डॉक्टर म्हणून मला सुई-कात्रीपेक्षा भीती वाटते ती या न हलण्याची. दिवसभर शिलाई मशीनवर बसणाऱ्या बायका सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत मान, मनगट आणि कमरेच्या तक्रारी घेऊन येतात. त्यांना पोटासाठी बसावं लागतं. हौसेनं बसणारीला उठण्याची मुभा आहे; ती तिनं वापरावी.

तयारीची सुरुवात डोळ्यांपासून करा. चाळिशीनंतर जवळचं दिसणं कमी होतंच, आणि अनेक जणी जुन्याच चष्म्यावर भागवतात. शिबिराआधी नंबर तपासून घ्या. तपासणीला जाताना सुई धरता ते अंतर आणि मशीनच्या सुईपर्यंतचं अंतर मोजून सांगा. ती दोन्ही सारखी नसतात. बायफोकल चष्म्यात खालच्या भिंगातून मशीनची सुई पाहायला हनुवटी वर करावी लागते आणि संध्याकाळपर्यंत मान धरते. अशा वेळी फक्त जवळच्या कामाचा वेगळा चष्मा बरा. बारीक कामात आपण पापण्या कमी मिटतो, म्हणून डोळे कोरडे पडून चुरचुरतात. दर 20 मिनिटांनी 20 फुटांवरच्या वस्तूकडे 20 सेकंद पाहा. उजव्या हातानं शिवत असाल तर दिवा डावीकडे ठेवा, म्हणजे हाताची सावली टाक्यावर पडणार नाही.

दुसरी तयारी मान आणि हातांची. आपल्या डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो असतं. मान जितकी पुढे झुकेल, तितका तिच्यावरचा भार वाढतो. म्हणून टेबल कोपराच्या उंचीला हवं, आणि गोधडीचा पसारा मांडीवर ओढण्याऐवजी टेबलावर टेकलेला हवा. गुडघे दुखत असतील तर जमिनीवर बसण्याचा आग्रह धरू नका. खुर्ची मागून घ्या. निघण्याआधीचे पंधरा दिवस रोज अर्धा तास शिवा, मग हळूहळू वाढवा. एरवी महिन्यातून एकदा सुई धरणारा हात एकदम आठ तास राबवला, तर स्नायुबंध सुजणारच.

अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येतात, रात्री हात झटकावासा वाटतो, वस्तू हातातून निसटतात? मनगटातली नस दबल्याची ही लक्षणं असू शकतात. हा त्रास बायकांमध्ये, आणि मधुमेह किंवा थायरॉइड कमी असणाऱ्यांमध्ये जास्त आढळतो. तो अंगावर काढून शिबिराला जाऊ नका. आधी डॉक्टरांना दाखवा.

मधुमेह असणाऱ्यांनी आणखी काळजी घ्यावी. बोटांची संवेदना कमी झाली असेल तर सुई टोचलेली कळतही नाही. अंगुस्तान वापरा, आणि रात्री उजेडात बोटं नीट पाहा. सुई टोचली की बोट तोंडात घालण्याची सवय सर्वांनीच सोडावी. साबण-पाण्यानं धुणं हाच पहिला उपाय. कापड कापायचं गोल पातं अतिशय धारदार असतं. प्रत्येक कापणीनंतर ते झाकायची सवय लावा. धनुर्वाताची लस घेऊन दहा वर्षं झाली असतील तर निघण्याआधी घ्या.

गोळ्या दोन दिवसांच्या जास्त घ्या आणि जेवणाची वेळ चुकवू नका. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणारीनं ‘एवढी ओळ संपवून जेवते’ म्हटलं, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. स्वच्छतागृह लांब आहे म्हणून पाणी कमी पिण्याची आपल्या बायकांची जुनी खोड आहे. त्यातून लघवीचा जंतुसंसर्ग होऊ शकतो.

हे सगळं एकट्या बाईवर सोडूनही चालणार नाही. आयोजक साहित्याची यादी पाठवतात, तशीच खुर्च्या, उजेड आणि स्वच्छतागृहांची माहितीही त्यांनी पाठवावी. दर तासाला घंटा वाजवून सगळ्यांना पाच मिनिटं उठवावं. नाव नोंदवण्याआधी हे जरूर विचारा.

शिबिरात गोधडी अर्धी राहिली तरी बिघडत नाही. घरी दुपारच्या निवांत वेळी ती पूर्ण करता येते. त्यासाठी परत आलेला हात मात्र सुई धरण्याजोगा हवा.