पाटी नसलेली खिडकी

लिनक्स वापरणाऱ्या आपल्या मंडळींत एक विचित्र रुबाब शिरला आहे. पडद्यावर पाच-सहा काळ्या खिडक्या उघड्या हव्यात, आणि त्यांतली कुठली कशाची हे फक्त मालकालाच कळायला हवे! खिडकीच्या माथ्यावर नाव कशाला? ओळीच्या सुरुवातीला यंत्राचे नाव कशाला? एक डॉलरचे चिन्ह पुरे. बाकी सगळी नवशिक्यांची हौस... असे ऐटीत सांगितले जाते. मला हे साफ अमान्य आहे.

ज्यांचा ह्या प्रांताशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टर्मिनल म्हणजे संगणकाला टंकून आज्ञा द्यायची खिडकी. आज्ञा घेणारा जो प्रोग्राम आत बसलेला असतो तो शेल. 'बोला, काय करू?' अशा अर्थाची जी खूण तो ओळीच्या सुरुवातीला दाखवतो ती प्रॉम्प्ट. आणि खिडकीच्या वरच्या पट्टीवर जी अक्षरे दिसतात ते शीर्षक. आता एक खिडकी तुमच्या घरच्या संगणकाची असू शकते आणि तिच्या शेजारची, शेकडो मैलांवरच्या सर्व्हरची. दिसायला दोघी जुळ्या बहिणी! पणजीच्या बसस्थानकावर पाटी नसलेल्या गाडीत आपण चढतो का? चढलोच तर निदान कंडक्टरला विचारतो. टर्मिनलमध्ये कंडक्टर नसतो. आज्ञा टंकली, एन्टर दाबला, गाडी सुटली.

मी कला शाखेचा पदवीधर, पेशाने सरकारी कारकून. आमच्या कचेरीत फाईल क्रमांक आणि विषय लिहिल्याशिवाय कागद पुढे सरकत नाही. लोक ह्याला लाल फीत म्हणून हसतात. पण त्यामागे शहाणपण आहे. टिपण कितीही अचूक असले तरी ते चुकीच्या फाईलवर पडले की चूकच ठरते, आणि दिवसभरात चाळीस फायली हाताळणाऱ्या माणसाने स्मरणशक्तीवर विसंबायचे नसते. आज्ञेचेही तसेच आहे. तिची योग्यता ती कुठे दिली ह्यावर ठरते.

उदाहरण हवे? ३१ जानेवारी २०१७ ची रात्र. गिटलॅब ही जगभरच्या प्रोग्रामरांचे काम सांभाळणारी कंपनी. तिथे डेटाबेसचे दोन सर्व्हर होते, एक मुख्य आणि दुसरा त्याची प्रत ठेवणारा. नावे डीबी-१ आणि डीबी-२, म्हणजे फरक एका आकड्याचा! दुसऱ्यावरची प्रत बिघडली होती, म्हणून तिथली डिरेक्टरी पुसून नव्याने प्रत घ्यायची होती. थकलेल्या इंजिनीअरने पुसण्याची आज्ञा दिली, ती मुख्य सर्व्हरच्या खिडकीत. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आले, पण तोवर सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबी उरले होते. बॅकअपच्या ठरलेल्या वाटा ऐन वेळी कामी आल्या नाहीत. सहा तासांपूर्वी योगायोगाने घेतलेली एक प्रत होती म्हणून निभावले. तरीही कंपनीच्याच अंदाजाने ५,००० प्रकल्प, ५,००० अभिप्राय आणि ७०० नवी खाती ह्यांना फटका बसला.

'अहो, खरा दोष बॅकअपचा!' असे कोणी म्हणेल. मान्य. प्रॉम्प्ट सुधारल्याने बॅकअप सुधारत नाही. पण नंतर त्या कंपनीने उपायांची जी यादी केली, तिच्यात बॅकअपच्या बरोबरीने हेही होते, की कुठल्या यंत्रावर आहोत हे प्रॉम्प्टमध्ये ठळक दिसावे, सर्व्हरचे पूर्ण नाव यावे, खऱ्या कामाच्या यंत्राला लाल रंग आणि चाचणीच्या यंत्राला पिवळा रंग असावा. ज्यांनी भोगले त्यांनी ह्याला हौस म्हटले नाही.

आणि ह्याला खर्च किती? बॅश शेलमध्ये 'पीएस१' नावाचे एक चल असते. घरच्या डिरेक्टरीतल्या 'डॉट बॅशआरसी' फाईलमध्ये ते लिहायचे. उलटी तिरपी रेघ आणि 'यू' लिहिले की वापरकर्त्याचे नाव येते, 'एच' लिहिले की यंत्राचे, 'डब्ल्यू' लिहिले की आपण कुठल्या डिरेक्टरीत आहोत ते. तिरप्या रेघेपुढे डॉलर लिहिला तर साध्या वापरकर्त्याला डॉलर दिसतो आणि सर्वाधिकारी रूटला चौकटीची फुली. रंगाचे संकेत मात्र तिरप्या रेघेच्या चौकोनी कंसांत ठेवावेत, नाहीतर बॅशचे ओळ मोजण्याचे गणित चुकते आणि लांब आज्ञा स्वतःच्याच अंगावर चढते.

शीर्षकासाठी एक्सटर्मच्या काळापासून चालत आलेला संकेत आहे. एस्केप, बंद चौकोनी कंस, शून्य, अर्धविराम, मग हवा तो मजकूर आणि शेवटी घंटेचे चिन्ह. डेबियन आणि उबुंटूत तो पीएस१ मध्ये आधीच घातलेला असतो. म्हणून तर हाताने दिलेले शीर्षक पुढच्याच प्रॉम्प्टला पुसले जाते आणि लोक 'हे चालतच नाही' म्हणून सोडून देतात. उलट, तुमच्या प्रॉम्प्टमध्ये शीर्षक नसेल आणि दूरच्या सर्व्हरच्या प्रॉम्प्टमध्ये असेल, तर तिथून परत आल्यावरही माथ्यावर नाव तिकडचेच राहते! पाटी नसलेली एक वेळ परवडली, खोटी पाटी नाही. म्हणून शीर्षक प्रत्येक प्रॉम्प्टबरोबर नव्याने लिहिले गेले पाहिजे.

दुसऱ्या टोकाचे हौशीही आहेतच. त्यांच्या प्रॉम्प्टमध्ये सात रंग, घड्याळ, बॅटरी, हवामान, रॉकेटची चित्रे! सगळेच चमकत असेल तर धोका कशाने ओळखायचा? लाल रंग एकाच यंत्राला द्यावा, आणि तोही त्या यंत्रावरच, सर्वांसाठीच्या फाईलमध्ये लिहावा. धोका यंत्राचा असतो, म्हणून खूणही त्याच्याच अंगावर हवी. मग तिथे येणाऱ्या प्रत्येकाला ती दिसेल.

आता आपल्या भाषेचे. टर्मिनलच्या आत प्रत्येक अक्षराला सारखे घर आखलेले असते, आणि आपल्या काना-मात्रा, जोडाक्षरे त्या घरांत नीट बसत नाहीत. बऱ्याच टर्मिनलांत देवनागरी मोडलेलीच दिसते. शीर्षकाची पट्टी मात्र सहसा टर्मिनलच्या त्या घरांबाहेर, डेस्कटॉपच्या हाती असते. तिथे 'मुख्य सर्व्हर, जपून!' हे शब्द सुबक उमटतात. १९८७ च्या राजभाषा कायद्यापासून आपण गोव्यात मराठीच्या स्थानासाठी भांडत आलो. रस्त्यावरच्या पाट्यांसाठी निवेदने दिली, सभा घेतल्या. आणि स्वतःच्या पडद्यावर, जिथे कुणा मंत्र्याची परवानगी लागत नाही, तिथे आपली एकही पाटी मराठीत नाही! ह्याचा दोष सरकारला कसा देणार?

निदान ज्या यंत्रावर पुसलेले परत येत नाही, तेवढ्या एकाला तरी पाटी लावा. आणि ती मराठीत लावा.