पेंड वाढवली, तरी डुकरे अंग का धरत नाहीत?

गेल्या महिन्यात एका वराहपालकाच्या शेडवर गेलो होतो. डुकरे सत्तर किलोच्या आसपास येऊन अडलेली. म्हणाले, "साहेब, पेंड वाढवून पाहिली, तरी अंग धरेनात. बँकेचा हप्ता तोंडावर आलाय." पेंड कसली, विचारले. तर शेंगदाण्याची. घोटाळा तिथेच होता, आणि तो त्यांच्या एकट्याचा नाही. आम्ही खात्याचे लोकही शिबिरात प्रथिने किती टक्के एवढेच सांगून मोकळे होतो.

डुकराला प्रथिनांतली अमिनो आम्ले लागतात आणि मक्याच्या खाद्यात पहिले कमी पडते ते लायसिन. विटांचा ढीग पडलाय पण सिमेंट संपले, तर भिंत जशी अडते तसे हे. पन्नास ते ऐंशी किलोच्या संकरित डुकराच्या खाद्यात लायसिन साधारण पाऊण टक्का हवे, पुढे ०.६ टक्क्यावर भागते.

आता हिशोब बघा. १०० किलो खाद्यात ८० किलो मका, १७ किलो पेंड, बाकी खनिज मिश्रण व मीठ. पेंड शेंगदाण्याची घाला की सोयाबीनची, प्रथिने दोन्हीकडे १४ टक्क्यांच्या आसपासच भरतात. पण मक्यात लायसिन जेमतेम पाव टक्का, शेंगदाणा पेंडीत दीड, सोया पेंडीत पावणेतीनच्या वर. म्हणजे सोयाच्या खाद्यात लायसिन ०.७ टक्क्याच्या जवळ जाते, शेंगदाण्याच्या खाद्यात ०.४५ वरच थांबते! ही तूट शेंगदाणा पेंडीनेच भरायची म्हटली तर १०० किलोत ३५ किलोच्या वर पेंड लागेल. मग जादा प्रथिने अंगी न लागता युरिया होऊन मुतावाटे जातात. पैसाही त्याच वाटेने जातो.

"म्हशीला तर हीच पेंड चालते की!" असे मला हमखास ऐकवतात. म्हशीच्या पोटातले जिवाणू अमिनो आम्ले तयार करून देतात. डुकराचे पोट आपल्यासारखे एका कप्प्याचे. सरकी पेंडीच्या तर नादीच लागू नये, तिच्यातले गॉसिपॉल डुकराला बाधते. आणि घरचे सोयाबीन कच्चे भरडून घालू नका, ते प्रथिने पचू देत नाही.

सोया पेंड महाग वाटली तर १०० किलोमागे ३०० ग्रॅम लायसिन हायड्रोक्लोराइड मिसळून लायसिनची तूट भरते. पण शेंगदाणा पेंडीत मेथिओनिन, थ्रिओनिनही कमीच. म्हणून दोन्ही पेंडी निम्म्या-निम्म्या आणि वर थोडे लायसिन, हे मला जास्त पटते.

राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२१ पासून वराहपालनाला ५० टक्के अनुदान ठेवले आहे. शेड उभी राहते, पण खाद्याचा हा हिशोब शिकवायला कोणी जात नाही. मी पाहिलेल्या पोत्यांवर प्रथिनांचा आकडा ठळक, लायसिनचा पत्ता नाही. तो छापायला लावला पाहिजे.

सरपंच मंडळींनाही एक विनंती. शेडच्या वासाची तक्रार आली की लगेच नोटीस निघते. त्या वासातला अमोनिया बराचसा या वाया गेलेल्या प्रथिनांचाच असतो. नोटीस काढण्याआधी एकदा शेडवर जाऊन पेंड कसली घालतात ते विचारा.